पंचविसावे माप

नंदुरबार, ता. ८ जून १९२४

चि. धनू हीस चुनीलालचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खानदेशातल्या तमाम लेकीबाळींनो, तुम्ही दळता, तुम्ही पाखडता, तुम्ही रांधता. पण कणगीत किती आहे आणि ते किती दिवस पुरेल हा हिशेब तुम्हाला कोणी शिकवलेला नाही. मोजणारे दुसरेच, आणि मोजल्या जाता तुम्ही.

काल बाजारातल्या सभेत मी भाषणाला अशी सुरुवात केली आणि समोर पाहिले. सगळे फेटे आणि टोप्या. लेकबाळ एकसुद्धा नाही. कडेला शेंगा विकणारी एक म्हातारी होती, ती ठार बहिरी निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शांतीलाल वकिलांनी हार घातला, आणि मी तो हार खुंटीला अडकवून ठरवले की भाषण जिच्यासाठी होते तिलाच टपालाने पाठवावे. माझ्या हक्काची लेकबाळ एकच. ती म्हसावदला सासरी भाकरी थापते आहे.

तुझ्या दिराचा, रतिलालचा, निरोप पोचला. त्याने तुझ्या परीक्षेला होकार दिला हे वाचून मी वर्ग सोडून पोरांना गूळ वाटला. अट मलाही कळली. येत्या मार्चात धुळ्याला व्हर्नाक्युलर फायनलला एकदा बसायचे. पास झालीस तर पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचे आणि मास्तरीण होऊन परत यायचे. नापास झालीस तर पुस्तके बांधून ठेवायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. अट कडक आहे. पण मानमोडीच्या साथीत दोधू गेला त्याला आता सहा वर्षे होत आली, आणि एवढ्या काळात त्या घराने तुला उंबऱ्याबाहेरची वाट प्रथमच दाखवली आहे. ती आपण सोडायची नाही.

मराठी, इतिहास, भूगोल तुझे तू करशील. गणित माझ्याकडे. दर पत्रात मी उदाहरणे पाठवीन, तू सोडवून धाडायचीस. आज बीजगणिताचा श्रीगणेशा. जी संख्या ठाऊक नाही तिला अव्यक्त म्हणतात आणि तिच्या जागी क्ष लिहितात. घाबरू नकोस. लग्न झाल्यापासून तू दोधूचे नाव कधी घेतले नाहीस, नुसते हे म्हणायचीस, आणि कोणाबद्दल चालले आहे ते सगळ्यांना कळायचे. बीजगणितात तेच करायचे. नाव घ्यायचे नाही, पण त्याला वगळायचेही नाही. एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेत गेले की तो आपोआप एकटा उरतो आणि आपली किंमत सांगतो.

पाकिटावर तुझ्या नावाआधी मी गं. भा. लिहिलेले नाही. कोणी विचारले तर सांग की माझ्या भावाच्या दौतीत तेवढी शाई नसते. तुझ्या सासूबाईंना, जसोदाबाईंना, माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा आटू देऊ नकोस.

चुनीलाल

*

म्हसावद, ता. ३ ऑगस्ट १९२४

तीर्थरूप दादास धनूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र पोचले, पण उत्तराला उशीर झाला. निंदणी चालू होती आणि माझी बोटे लेखणी धरण्याच्या लायकीची नव्हती. आता पाऊस लागून राहिला आहे म्हणून बसले. उदाहरणे सोबत आहेत. पाचवे मला सुटले नाही असे नाही, मला ते पटले नाही. दोन गवंडी मिळून भिंत बांधतात, एक दहा दिवसांत बांधतो, दुसरा पंधरा दिवसांत, तर दोघे मिळून किती दिवसांत. उत्तर सहा येते, मी लिहिले आहे. पण आमच्या गोठ्याची भिंत दोन गवंड्यांनी मिळून बांधली तेव्हा महिना लागला होता, कारण एक बोलायचा आणि दुसरा ऐकायचा.

क्षबद्दल तू लिहिलेस ते समजले. फक्त एवढे सांगते की तुझा क्ष शेवटी सापडतो. ज्यांचे नाव मी घेत नाही, ते कुठल्याही बाजूने कितीही इकडचे तिकडे नेले तरी सापडायचे नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी उपमा चांगली आहे, त्यामुळे मला बीजगणित आले. रडू नंतर आले.

आता महत्त्वमापनाची गंमत. तू त्रिकोणाचे क्षेत्रफळ शिकवलेस, म्हणून म्हटले घरचाच त्रिकोण मोजावा. ओढ्यापलीकडे आमचा एक तुकडा आहे, त्याला ओढ्याने खाऊन तीन कोपऱ्यांचा केला आहे. साखळी कुठून आणू? माझे नऊ वारी लुगडे घेतले. डोंगरातून निंदणीला आलेली फुलीबाई पावरा, तिला एक टोक धरायला लावले. ती पावरीत बोलते, मी अहिराणीत, आणि आम्हा दोघींचे छान जमते. पाया सात लुगडी भरला, उंची चार लुगडी. लोकांना वाटले आम्ही लुगडे वाळवत हिंडतो आहोत. फुलीबाई इतकी हसली की दोनदा टोक सुटले. गुणून, निम्मे करून, एकशे एकवीस चौरस वारांचा गुंठा धरून सव्वानऊ गुंठ्यांहून किंचित जास्त आले.

सासूबाईंनी हे ऐकले. मला वाटले आता बोलणी बसतील. त्यांनी फक्त विचारले की ज्या पुस्तकात शेत मोजायला लुगडे लागते ते पुस्तक लिहिणारा कुठल्या गावचा. मी म्हटले आमच्या दादाने सांगितले. त्यावर त्यांनी ते लुगडे माझ्या हातातून घेतले आणि वाळत टाकले. त्यांच्याकडून हे पुष्कळ झाले.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापा. तुझी माया मला पुरते, पण ती पुरवून वापरायची सवय नाही, म्हणून आणखी मागते.

धनू

*

नंदुरबार, ता. १७ ऑगस्ट १९२४

चि. धनू हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवले आणि पोरांनी बाके बडवली. त्यांना सांगितले की पाहा, तुम्हाला सरकारने साखळी, फूटपट्टी आणि मास्तर दिला आहे, तरी तुमच्यातले निम्मे पाया आणि उंची यांची गल्लत करतात. ह्या बाईला कोणी काही दिले नाही. तिने नेसूचे लुगडे अंथरले.

पण मास्तर म्हणून एक चूक दाखवतो. धुतलेले लुगडे नऊ वार राहते असे तुला कोणी सांगितले? दुकानात गजाने मोजून दिलेले नऊ वार पहिल्याच धुण्यात आखडते. आधी लुगडे मोज, मग शेत.

आणि आता बातमी. परवा शहाद्याच्या सभेत मी जाहीर केले की दोन-तीन वर्षांत म्हसावदच्या शाळेत एक मास्तरीण उभी राहील आणि ती माझी बहीण असेल. मी म्हटले, आम्ही पुरुषांनी विधवेला घरात एक कोपरा दिला आणि त्याला आधार म्हणालो. आता तिला फळा द्या, आणि बघा कोण कोणाला आधार देते. पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवायचेही विसरले.

सोबत समीकरणांची बारा उदाहरणे. प्रत्येकाचा ताळा घे. उत्तर मूळच्या प्रश्नात परत घालून पाहायचे, बसले तर बरोबर. ताळा न घेणारा माणूस आणि आरशात न बघता फेटा बांधणारा माणूस, दोघांचे हसे होते.

लोभाची बाकी माझ्याकडेच निघते, ती फिटू नये हीच इच्छा.

चुनीलाल

*

म्हसावद, ता. ९ सप्टेंबर १९२४

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

लुगडे मोजले. अर्धा वार कमी भरले. तुकडा सव्वाआठ गुंठ्यांवर आला, म्हणजे एक गुंठा मी धुण्यात घालवला. हे भाऊजींना सांगितले तर ते हसले. म्हणाले, तलाठ्याची साखळीपण कोणीतरी धुतलेली दिसते, कारण त्याच्या कागदावर हा तुकडा त्याहून लहान आहे. दादा, तू त्यांच्यावर उगाच डोळे वटारतोस. भाऊजी वाईट नाहीत. घरात माणसे बारा आणि जावेच्या पदरात तीन लहान, एक जोडी हात गेले तर त्यांची ओढाताण होणार हे मलाही कळते. तरी त्यांनी हो म्हटले.

पण सभेत माझे नाव घेतलेस ते बरे केले नाहीस. शहाद्याची बातमी तुझ्या पत्राआधी गावात पोचली. आता पाण्याला गेले की बाया मास्तरीण म्हणून हाक मारतात. काही मायेने, काही तशाच. मी अजून एक पेपर दिलेला नाही आणि तू मला फळ्यापुढे उभी करून मोकळा झालास. पडले तर गाव काय म्हणेल याची मला एवढी भीती नाही. तू काय म्हणशील याची आहे.

ताळे घेतले. अकरा बसले, एक बसला नाही. तो आजूबाजूच्या ओळी खोडून पुन्हा केला.

धाकटी समजून सांभाळून घे, आणि सभेत गप्प राहायला शीक.

धनू

*

म्हसावद, ता. १८ जानेवारी १९२५

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तू पाठवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या. तीन सोडवून धाडते आहे. घनफळाच्या उदाहरणात लांबी फुटांत आणि रुंदी हातांत दिली होती, तिथे मी फसले होते, पण ताळ्यात सापडले.

सध्या ज्वारी खळ्यावर आहे. घरातले झाडून सगळे तिकडे असतात. मला तिकडे काम नसते, रास मापायच्या दिवशी तर नसतेच, त्यामुळे सबंध घर माझे होते आणि मला अभ्यासाला दिवस मिळाला. तू म्हणतोस तसे सगळ्यातून काहीतरी फायदा काढायचा. मी काढला.

सासूबाईही अलीकडे रास मापताना जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. दारात शेंगा फोडत बसतात आणि मला उदाहरण मोठ्याने वाचायला लावतात. त्यांना आगगाडीची उदाहरणे आवडत नाहीत. दोन गाड्या समोरासमोर येतात म्हटले की त्या हात थांबवतात आणि माणसे वाचली का विचारतात. मी सांगते, गाड्या वेगवेगळ्या रुळांवर आहेत. मग पुन्हा फोडायला लागतात.

धुळ्याला मला पोचवायला भाऊजी स्वतः येणार आहेत. सारंगखेड्याला तापी उतरून दोंडाईच्यापर्यंत बैलगाडी, पुढे मोटर. मी मोटरीत अजून बसलेले नाही. गणितापेक्षा तिचेच दडपण आहे.

तुझा लोभ पाठीशी आहे, परीक्षेपुरता तो समोर येऊन बसू दे.

धनू

*

म्हसावद, ता. २९ मार्च १९२५

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

काल परत आले. अजून अंगात मोटरीचा हादरा आहे, आणि आनंद आहे. पहिल्यांदाच लिहिते की आनंद आहे.

गणिताचा पेपर आम्हा पाच बायकांना एका वेगळ्या खोलीत दिला. भिंतीचे उदाहरण होते, गवंडी तीन होते, केले. हौदाचे घनफळ केले. व्याजाचे अर्धे राहिले. पण समीकरणाचे उदाहरण वाचले आणि मला बरे वाटले, कारण ते आपले होते. एवढ्या महिन्यांत त्या पुस्तकांत रेशमी कापडाचे व्यापारी आले, आगगाड्या आल्या, विलायतेची जहाजे आली, पण खळे कधी आले नव्हते. इथे एका शेतकऱ्याने ज्वारीची रास मापली होती. निम्मी मापे स्वतःला ठेवली, तिसरा हिस्सा भावाला दिला आणि उरलेली चार मापे बियाण्याला. तर राशीत एकूण मापे किती. ते मी सगळ्यात आधी सोडवले. ताळासुद्धा घेतला. त्याचे सगळे गुण मिळाले तर गणित निघते, असा माझा अंदाज आहे.

परतताना तापीच्या पाण्यात गाडी थांबवून भाऊजींनी विचारले, पेपर कसा गेला. मी म्हटले, चांगला. त्यांनी बैलांना पाणी पिऊ दिले. मग म्हणाले की पुण्याला थंडी फार असते, घोंगडी घेऊन जावी लागेल.

दादा, आता सभेत बोललास तरी चालेल. थोडेसे.

धनू

*

नंदुरबार, ता. २१ मे १९२५

चि. धनू हीस आशीर्वाद.

कसे लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. निकाल लागला. मराठीत तू केंद्रातल्या सगळ्या बायकांत पहिली आहेस. इतिहास आणि भूगोल पास. गणितात नापास आहेस, म्हणून एकूण नापास.

मी काल धुळ्याला जाऊन आलो. गणित तपासणारे गृहस्थ एकेकाळी माझ्याबरोबर शिकलेले. त्यांनी नियम जरा वाकवून मला तुझा पेपर पाहू दिला. समीकरणाचे एक उदाहरण आले असते तर तू पास होतीस. तेच ज्वारीचे, ज्याच्यावर तुझा भरवसा होता.

धनू, क्षचे निम्मे, अधिक क्षचा तिसरा हिस्सा, अधिक चार, बरोबर क्ष. क्ष बरोबर चोवीस. माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगा हे तोंडी करील. तूही केलेस. तुझ्या अक्षरात, स्वच्छ, क्ष बरोबर चोवीस लिहिले आहे. त्याखाली बारा, आठ आणि चार मिळून चोवीस असा ताळाही आहे. आणि त्याच्याखाली, कोणी सांगितले नसताना, तू एक मिळवलास आणि उत्तर लिहिलेस, एकूण मापे पंचवीस. खाली दोन रेघा मारल्यास. का? तो एक कुठून आणलास? मी त्या कागदाकडे इतका वेळ बघत होतो की त्या गृहस्थाने माझ्यासाठी पाणी मागवले.

आधी मला तुझा राग आला. हे लपवत नाही. सात महिने मी तुला ताळा शिकवला, ताळा बसल्यावर तू तो मोडलास. मग मला त्यांचा राग आला. मी त्यांना म्हटले, पद्धत सगळी बरोबर आहे, निम्मे गुण द्या, तेवढ्यात ती पास होते. ते म्हणाले, उत्तर चूक म्हणजे उदाहरण चूक, हा नियम मुलांना आहे तोच बायकांना. आम्ही सभांमधून समान नियम मागतो ना, म्हणाले. ह्याला वीस उत्तरे सुचली ती मोटरीत बसल्यावर.

आता मी वर्तमानपत्रात लिहिणार आहे. मथळा ठरला आहे. एका बेरजेसाठी एका आयुष्याची वजाबाकी करणाऱ्या ह्या व्यवस्थेला मी सगळ्या खानदेशापुढे उभी करणार. त्याआधी तू मला तो एक समजावून दे. गडबडलीस का? कोणी घाबरवले का? तसे असेल तर तसे लिही, मी तेही छापीन.

चुनीलाल

*

म्हसावद, ता. २ जून १९२५

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

मला कोणी घाबरवले नाही. मी गडबडले नाही. छापू नकोस.

माहेरी आपल्या आबांच्या खळ्यावर रास मापायची तेव्हा पहिले माप भरले की आबा एक म्हणत नसत, लाभ म्हणत, हे तुला आठवत असेल. मग दोन, तीन, चार. लाभ म्हणजेच एक, म्हणून हिशेबाला फरक पडत नसे. म्हसावदला तसे नाही. इथे पहिले माप लाभ, आणि त्याच्यानंतर एक, मग दोन. लाभाचे माप मोजणीत येत नाही, कारण त्याचे वाटे होत नाहीत. ते आधीच बाजूला निघते. ते घरच्या लक्ष्मीचे. माझे लग्न झाले त्या वर्षी रास मापायला हे बसले होते. पहिले माप भरले, लाभ म्हणाले, आणि एवढ्या सगळ्या माणसांसमोर मला पदर पसरायला सांगितला. मी लाजून उभीच. तर उठून आले आणि माझ्या ओटीत ज्वारी ओतली. म्हणाले, "हाई तुन्हं शे. येना वाटा नही." पदराला एवढा भार झाला की मला चालता येईना. सगळे हसले, सासूबाईसुद्धा हसल्या. पुढे चार वर्षे ते माप माझे होते.

हे गेल्यावर रास भाऊजी मापतात आणि लाभ जावेच्या ओटीत जातो. ते बरोबरच आहे, ती घरची लक्ष्मी. माझ्यासारखीने त्या वेळी खळ्यावर उभे राहायचे नसते. त्या दिवशी मी घरात असते ते मी तुला लिहिले होते, का ते लिहिले नव्हते.

धुळ्याला त्या खोलीत मी वाचले, शेतकऱ्याने ज्वारीची रास मापली. दादा, मग मी त्या खोलीत नव्हते. मला ती रास दिसली, मापायला बसलेला माणूस दिसला. चोवीस आले, ताळा बसला, तू शिकवलास तसा. पण चोवीस ही वाट्याची मापे. प्रश्नात विचारले होते, राशीत एकूण मापे किती. मग त्याच्या आधीचे एक कुठे गेले? ते वाट्यात नव्हते म्हणून कोणाला दिसले नाही. मला दिसले. मी ते मिळवले. मला इतकी खात्री होती की दोन रेघा मारल्या. प्रश्न काढणाऱ्याने जाणून माझ्यासाठी ते ठेवले आहे असे मला वाटले. परतीच्या वाटेवर मी सबंध वेळ आनंदात होते, तो त्याचा आनंद होता. पास होण्याचा नव्हता.

निकालाचे पत्र मी भाऊजींना वाचून दाखवले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी पुस्तके एका धडप्यात नीट बांधली, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला आणि गाठोडे माळ्यावर ठेवले. अट अट होती. पुण्यासाठी आणलेली घोंगडी त्यांनी माझ्याकडून परत मागितली नाही. ती मी पांघरत नाही.

सासूबाईंनी नंतर विचारले, कशात चुकलीस. मी उदाहरण सांगितले. त्या हिशेब करत बसल्या, बोटांवर. मग विचारले, तू काय लिहिलेस. मी म्हटले, पंचवीस. त्या म्हणाल्या, "बराबरच शे." आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तू पुन्हा बस म्हणशील, मी तुला ओळखते. बसू नये असे मला वाटते. भाऊजी नाही म्हणतात हे खरे, पण तेवढेच नाही. पुन्हा तसा प्रश्न आला तर मला चोवीस लिहावे लागेल. आता तर ते जाणून लिहावे लागेल. तो एक मी माझ्या हाताने खोडायचा का, तू सांग.

ह्या पत्रातले काही सभेत सांगू नकोस. एवढा लोभ कर.

धनू

*

नंदुरबार, ता. १४ जून १९२५

तीर्थस्वरूप जसोदाबाई यांचे सेवेशी, चुनीलालचा साष्टांग नमस्कार.

आपल्याला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. हे पत्र धनू वाचून दाखवील. धनू, मोठ्याने वाच, आणि मधले काही गाळू नकोस.

बाई, मी बोलणारा माणूस आहे. आजवर जेवढे बोललो ते बहुतेक पुरुषांपुढे, तुमच्यासारख्यांच्या वतीने. कोणी मला वतन दिले नव्हते, मी आपणच घेतले. धनूचे पत्र आल्यावर लिहून ठेवलेला लेख मी चुलीत घातला. मंगळवारी सभा होती, गेलो नाही. शांतीलाल वकील बोलवायला आले, त्यांना ताप आहे म्हणून सांगितले. धनूला मी नऊ महिने गणित शिकवले, पण तिच्या घरी रास कशी मापतात हे मी तिला एकदाही विचारले नाही. दोधू मला मेहुणा म्हणून ठाऊक होता. तो मापायला बसला की कसा दिसायचा हे मला त्या पत्राने कळले, आणि आता ते डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्या मुलाचे ते माप सगळ्या जिल्ह्यात तीन जणांनी पाहिले. प्रश्न काढणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, तपासणाऱ्याला मी पुन्हा धुळ्याला जाऊन सांगितले तरी त्याने मान हलवली आणि नियमाकडे बोट दाखवले. त्याचे चुकले असेही मला म्हणता येत नाही. ते माप दोधूने पाहिले, धनूने पाहिले आणि तुम्ही. तिघांतला एक गेला. रास मापायच्या दिवशी तुमचे गुडघे का दुखतात हे मी विचारत नाही.

धनू मला विचारते की तो एक स्वतःच्या हाताने खोडायचा का. मी भाऊ आहे, मास्तर आहे, आणि मला ह्याचे उत्तर येत नाही. मला एवढेच येते की पुस्तके माळ्यावर राहिली तर ती त्या घरात म्हातारी होईल, दरवर्षी त्या एका दिवशी दार लावून आत बसेल, आणि तिच्या हाताखाली शिकल्या असत्या त्या पोरी दुसऱ्याने मोजलेले खरे धरतील. ती पुन्हा बसली तर तिला चोवीस लिहावे लागेल. ते लिहिताना तिचे काय होईल ते तुम्हा दोघींना कळेल, तिसऱ्या कोणाला नाही. तरी मी म्हणतो, तिने लिहावे. ओटीत पडलेले कोणाच्या लाल शाईने परत जात नाही. हे मी भाषणासाठी म्हणत नाही. मी बरोबर आहे की नाही हे माझ्यापेक्षा तुम्ही चांगले सांगाल, म्हणून तुम्हाला लिहितो.

रतिलाल माझे ऐकणार नाही आणि का ऐकावे? त्याने शब्द दिला, तो पाळला. धनू त्याच्याकडे मागणार नाही. पण त्याच्या आईला त्याने आजवर नाही म्हटलेले नाही, हे धनूच्याच पत्रांतून मला कळत आले आहे. तुम्ही थोरल्या मुलाची आई आहात, आणि त्याच्या मागे राहिलेल्या बाईचे उत्तर बरोबर आहे असे म्हणणारे सगळ्या खानदेशात एकटे माणूस आहात.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, तो तिच्यावर असू द्या. उद्या सकाळी रतिलाल भाकरी खायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर बसा, आणि माळ्यावरचे गाठोडे त्याच्याच हाताने खाली काढायला सांगा.

आपला,
चुनीलाल